चौदा निळ्या नळ्या

आमच्या सरांच्या खिशाला कधी पेन नसायचं. खिशात कापसाच्या काड्या असायच्या, एकेक कागदात गुंडाळलेल्या, घरच्या कुकरमध्ये वाफवून आणलेल्या. मस्टरवर सही करायला ते शिपायाकडे पेन मागत आणि सही झाली की तेच पेन घेऊन प्रयोगशाळेत निघून जात. सत्र संपलं की शिपाई यायचा आणि आमच्या टेबलांवरून डझनभर पेनं गोळा करून न्यायचा. सरांना त्यातलं काही कळत नसे. काड्या मात्र ते रोज मोजून खिशात ठेवत.

रस्त्यात कुणाच्या पायाला पट्टी दिसली, कुणी कोपरावरची खपली खाजवताना दिसलं, की सर थांबायचे. "बघू?" एवढंच विचारायचे. त्या विचारण्यात काय होतं कोण जाणे, पण माणसं दाखवायची. एकदा एका प्राध्यापकांच्या मुलीच्या लग्नात पंगत बसली होती. वाढप्याच्या घोट्याजवळ ओली खपली सरांना दिसली आणि ते भरल्या पानावरून उठले. वाढपी जिलबीचं ताट घेऊन पुढे आणि सर काडी घेऊन मागे, असे दोघे पंगतीच्या टोकापर्यंत गेले.

"अहो सर, माझा माणूस पळून जाईल!" यजमान ओरडले.

"पळत नाही तो. पाय दुखतोय त्याचा," सर म्हणाले आणि तिथेच खाली बसले.

मी त्या लग्नात वाढायला होते. मला हसू आलं नाही, भीती वाटली. कारण त्याच आठवड्यात मी सरांच्या हाताखाली प्रकल्पावर काम करायला सुरुवात केली होती.

मी खेड तालुक्यातल्या एका वाडीतली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी कॉलेजात गेले ती मावशीच्या आधारावर. मावशी रत्नागिरीला काजूच्या कारखान्यात बी फोडायच्या कामावर होती. एका खोलीत ती, मी आणि तिचा स्टो. मागच्या पडवीत पाणी तापवायला चूल. नवरा कधीच वारला होता, मूल नव्हतं. "शिकतंस तोवर ऱ्हा. मग तू कुठं आन् मी कुठं," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. पाच वर्षं मी तिच्या कमाईवर जेवले.

जंतूंना सर 'मंडळी' म्हणायचे. सकाळी जंतू वाढवायच्या ताटल्यांची काचेची झाकणं उघडताना पहिला प्रश्न, "मंडळी आली का?" रात्रीतून बुरशी चढली असेल तर, "आगंतुक आलेत." रोगी हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. ते म्हणत, "कातडी त्यांची. आपण तिथे विचारून जायचं."

आणि बाटल्या विसळणं! सोन्याच्या कामाला लागणारी प्रत्येक बाटली सात वेळा विसळायची, मोठ्याने मोजत. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा एकपासून. एकदा प्राचार्य दारात उभे राहून काहीतरी विचारत होते. सर त्यांच्याकडे पाहून नुसते "पाच," म्हणाले, मग "सहा," मग "सात," आणि मग, "हं, बोला." प्राचार्य विसरले होते काय विचारायचं ते.

सोन्याचं काम म्हणजे काय, ते सांगायला हवं. सर मूळचे वेळणेश्वरकडचे. त्यांच्या वडिलांच्या पायाला इसब होतं, वर्षानुवर्षांचं. इसब नुसतंही लाल होतं, ओलं होतं, ठणकतं. त्यात जंतू शिरले तरी तसंच दिसतं. डोळ्यांनी फरक कळत नाही. नमुना मुंबईला पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. वडिलांच्या पायाचं उत्तर आलं तेव्हा पाय गुडघ्यापासून काढलेला होता. सरांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही बाटली विसळून झाल्यावर, पाठमोरं उभं राहून. "दहा मिनिटांत कळायला हवं," ते म्हणाले. "माणूस दारातच असताना. परत जायच्या आत."

त्यासाठी सोनं. सोन्याचे इतके बारीक कण करायचे की केसाच्या जाडीत हजारो मावतील. असं सोनं पाण्यात पिवळं दिसत नाही, लालचुटूक दिसतं, कोकमाच्या सरबतासारखं. त्या कणांवर एक लेप द्यायचा. तो लेप ठरावीक जंतूला चिकटतो. "होडी धक्क्याला लागली की टोपलीभोवती बायका कशा जमतात?" सर सांगत. "तसे हे कण जंतूभोवती जमतात. सुटे असले तर लाल. गर्दी झाली की निळे." जखमेवरून काडी फिरवायची, नळीत बुडवायची. लाल राहिलं तर मंडळी नाहीत. निळं झालं तर आली.

नॅनो हा शब्द तेव्हा आमच्या गावात नवा होता. स्टाफरूममध्ये सरांना 'सोनार' म्हणत. सर ओ देत. सोन्याचं तयार रसायन महाग पडायचं म्हणून त्यांनी स्वतःच्या लग्नातली अंगठी आम्लात विरघळवली होती. काकूंनी विचारलं, "अंगठी कुठे आहे?" तर म्हणाले, "कपाटात, दुसऱ्या कप्प्यात, तपकिरी बाटलीत." काकूंनी तीन दिवस अबोला धरला, सरांना तो चौथ्या दिवशी कळला. लेपाचं द्रव्य मुंबईच्या एका मित्राकडून बर्फाच्या थर्मासमध्ये यायचं. कोकण रेल्वे सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती. सर म्हणत, ही रेल्वे सरकारने या थर्माससाठीच आणलेली आहे.

प्रयोगशाळेत एक वही होती. वर सरांच्या अक्षरात लिहिलेलं, 'आज लावलेले दिवे'. दिवसभरात ज्याने जी चूक केली ती त्याने घरी जायच्या आधी त्यात लिहायची. "काही चुकलं नाही," असं कुणी म्हटलं तर सर म्हणत, "मग आज काम केलं नाहीस." सगळ्यात जास्त दिवे सरांचेच. 'आज उकळत्या भांड्यावर लक्ष ठेवायच्या ऐवजी खिडकीतल्या खारीवर ठेवलं.' 'आज मुलीला विनाकारण ओरडलो.' ती मुलगी मीच होते. ती ओळ वाचून मी मागच्या व्हरांड्यात जाऊन रडले होते. आमच्या घरी कुणी मोठ्या माणसाने असं लिहिणं सोडाच, कबूलही केलेलं मी पाहिलं नव्हतं.

कॉलेजच्या मुलांचे हात, दवाखान्यातून आणलेल्या पट्ट्या, यांच्यावर चाचणी बरी चालली. मग सरांना खऱ्या जुनाट कातडीचे नमुने हवे होते, एकाच ठिकाणी, बरेचसे. मीच म्हटलं, "सर, मावशीचा कारखाना आहे."

काजूच्या टरफलात काळा चीक असतो. तो कातडीला लागला की भाजतं. बी फोडणाऱ्या बायकांची बोटं काळी पडतात, भेगाळतात, सोलतात. मावशीच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना दहा वर्षं इसब होतं. पावसाळ्यात पाणी सुटायचं, उन्हाळ्यात चिरा पडायच्या. भाकरी थापताना मावशी ती तीन बोटं वर धरायची. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे यायचे तेव्हापासून मला ते इतकं सवयीचं होतं की वाटायचं, भाकरी अशीच थापतात.

कारखान्याच्या मालकांची मुलगी सरांच्या वर्गात होती, त्यामुळे परवानगी मिळाली. दुपारच्या सुट्टीत आम्ही गेलो. बायका हात धुऊन, डबे खाऊन रांगेत बसल्या होत्या.

"काय गो, दुखणार तर नाय ना?" एकीने विचारलं.

"तुजा नवरा दुखवतो त्यापेक्षा कमी," दुसरी म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. सर लाजून काडीकडे बघत राहिले.

चोवीस बायका, चोवीस नळ्या. सर प्रत्येकीला विचारत, "बघू?" आणि ती हात पुढे करी. मावशी सतरावी होती. सरांनी तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. "किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"मोजली नाय, सर. मोजून काय कमी होतंय?"

दहा मिनिटं झाली आणि नळ्या एकेक करून बदलू लागल्या. जांभळ्या, मग निळ्या. चौदा निळ्या, दहा लाल. आणि ज्यांचे हात जास्त वाईट, त्यांच्याच नळ्या निळ्या. सर काजूच्या पोत्यावर मटकन बसले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा मोजल्या. "आली," ते म्हणाले. "मंडळी आली गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटतं, त्या वेळी ते आमच्यात नव्हते. वडिलांच्या खाटेपाशी होते.

सरांचा एक नियम होता. प्रत्येक नमुना काचेच्या ताटलीतही वाढवायचा आणि दोन दिवसांनी ताटली काय सांगते ते बघायचं. "ताटली बोलल्याशिवाय आपण बोलायचं नाही." तो नियम त्यांनी स्वतःच त्या दुपारी मोडला. फाटकापाशी मालकांनी विचारलं, "काय निघालं, सर?" आणि सर आनंदाच्या भरात बोलून गेले, "चौदा जणींच्या हातांत जंतू आहेत. खात्रीने आहेत!"

मालक वाईट माणूस नव्हता. पण त्याचा माल परदेशी जाणार होता, तपासायला माणूस यायचा होता, आणि जंतू हा शब्द त्याने ऐकला. संध्याकाळी मी घरी आले तर मावशी नेहमीपेक्षा आधी येऊन उंबऱ्यावर बसलेली.

"मालकाने सांगितलान, उद्यापासून येव नको," ती म्हणाली. "हातात किडे हायत म्हणे. तुज्या सरांनी सांगितलानी."

"किडे नव्हे, मावशी. जंतू."

"मग बरं," मावशी म्हणाली. "जंतूंनी पोट भरतं काय?"

चौदाही जणींना बसवलं होतं. हात चांगले झाल्याचा दाखला आणा आणि मग या, असं सांगून. त्यांतल्या एकीची घरात एकटीची कमाई होती. मावशीची तर दोघींपुरतीही पुरत नव्हती. मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते गडबडले. "छे, छे, कामावरून कशाला काढायचं? औषध द्यायचं! मी बोलतो त्यांच्याशी." पण त्याच दिवशी मुंबईहून पत्र आलं. तिथल्या एका परिषदेत त्यांना त्यांचं काम मांडायला बोलावलं होतं, आठ दिवसांनी. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. सर पारदर्शक कागदांवर रंगीत आकृत्या काढायला बसले आणि बोलायचं राहून गेलं. काकूंनी त्यांना नवा सदरा शिवायला टाकला.

दोन दिवसांनी ताटल्या उघडल्या. चौदांपैकी तीनच ताटल्यांत मंडळी होती. बाकीच्या अकरा स्वच्छ, मावशीचीही.

सरांनी एकेक ताटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "बायकांनी औषधी साबण लावला असणार. जंतू मेलेले असतील, म्हणून वाढले नाहीत. सोन्याला मेलेलेही दिसतात." मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचं होतं. त्या संध्याकाळी वहीत सरांनी काहीच लिहिलं नाही. मीही नाही.

आणखी दोन दिवसांनी, सकाळची गोष्ट. मावशी उठली, चहा प्याली, आणि पडवीत जाऊन कोनाड्यातला पत्र्याचा डबा काढला. त्यातली चुलीची राख मूठभर घेतली, दोन्ही तळव्यांना आणि बोटांच्या बेचक्यांत चोळली, रोज कामावर निघताना चोळायची तशी. राख चोळली की चीक कातडीला कमी धरतो. कारखान्यातसुद्धा सगळ्या जणी राखच चोळतात आणि राखेनेच हात धुतात, कारण साबण चिरांमध्ये झोंबतो. ज्यांचे हात जास्त गेलेले, त्या जास्त राख लावतात. थोड्या जणी एरंडेल लावतात. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं.

मावशी हात चोळता चोळता थांबली. "मेली सवय," म्हणाली. "कुठं जायाचं हाय मला?" आणि पाणी ओतून हात धुऊ लागली.

मी तिच्या हातांकडे बघत उभी राहिले. चिरांमध्ये राखेची करडी रेघ तशीच राहिली होती.

सोन्याच्या त्या लाल पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तरी कण गोळा होतात आणि रंग निळा होतो, हे सरांनी आम्हाला अगदी पहिल्या दिवशी दाखवलं होतं. मीठ म्हणजे क्षार. आणि राखेत क्षारच असतात.

मी कागदात राख बांधून घेतली. प्रयोगशाळेत तेव्हा कुणी नव्हतं. नळीत लेप दिलेलं लाल पाणी घेतलं, काडीच्या टोकाला राख लावली, बुडवली. दहा मिनिटं लागली नाहीत. बघता बघता निळं झालं.

मी स्टुलावर बसून राहिले. मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. आधी वाटलं, ही नळी ओतून टाकावी. परिषद चार दिवसांवर होती. सरांचा सदरा शिवून आला होता. आणि ज्या माणसाने मला पेट्रीची ताटली कशी धरायची इथपासून शिकवलं, कधी कुठल्या गावची, कुणाची, विचारलं नाही, त्याला मी जाऊन सांगायचं की तुमचं सोनं राखेला फसलं? मग मावशी आठवली, रिकाम्या हातांना राख चोळणारी. तोंडाने बोलायचा धीर होत नव्हता. मी वही ओढली आणि लिहिलं: 'कारखान्यातल्या बायका हातांना राख लावतात हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. राखेने नळी निळी होते. आज करून पाहिलं.' आणि घरी पळाले.

दुसऱ्या दिवशी गेले तर सर आधीच आलेले. टेबलावर पाच नळ्या, पाचही निळ्या. शेजारी घरून आणलेली राख, काकूंच्या मसाल्याच्या वाटीत. चष्मा कपाळावर.

"कधीपासून माहीत होतं, राख लावतात ते?"

"लहानपणापासून, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि... त्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटलं. सगळेच लावतात."

मला वाटलं आता ओरडतील. सर उठले, वही उघडली, माझ्या ओळीतलं 'मी सांगितलं नाही' पेनाने खोडलं आणि वर लिहिलं, 'मी विचारलं नाही.' खाली सही केली. पेन अर्थातच शिपायाचं होतं.

"तुझ्या मावशीने राख लावलीन," ते हळूच म्हणाले, "आणि मी तिला मंडळी समजलो. चोवीस वेळा 'बघू' म्हटलं आणि बघितलं काहीच नाही." मग एकदम टोपी शोधायला लागले. "चल. ती राख घे."

सर मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून कारखान्यात घेऊन गेले. चढ आला की दोघं उतरायचो. मालकांच्या टेबलावर त्यांनी नळ्या मांडल्या, राख टाकून दाखवली.

"म्हणजे जंतू नाहीत?"

"अकरा जणींना नाहीत. तिघींना आहेत, त्यांना मी आजच डॉक्टरांकडे नेतो, आठवड्यात बऱ्या होतील. तोवर त्यांना कसलं तरी कोरडं काम द्या. पण घरी बसवू नका."

"सर, तुम्ही एकदा सांगता आहेत, एकदा सांगता नाहीत. उद्या परत म्हणाल आहेत. मी कशाच्या जोरावर घेऊ त्यांना? सगळ्या कारखान्यात झालंय आता. बाकीच्या बायका त्यांच्या शेजारी बसायला तयार नाहीत."

सरांनी नळ्या एका बाजूला सारल्या. मग म्हणाले, "लिहून देतो. तुम्ही फाटकावर लावा."

"काय लिहून?"

"माझं चुकलं म्हणून."

मालकांनी कोरा कागद दिला. सरांनी माझ्याकडे पेन मागितलं. लिहिलं: 'मी अमुक कॉलेजातला अध्यापक. या कारखान्यातील चौदा भगिनींच्या हातांत जंतू आहेत असे मी जाहीर केले. माझी चाचणी चुकीची होती. नळ्यांचा रंग हातांवरच्या राखेने बदलला. या भगिनींपासून कोणालाही कसलाही धोका नाही. चूक पूर्णपणे माझी आहे.' पूर्ण नाव, पदवी, हुद्दा. मग मालकांना विचारलं, "अक्षर मोठं हवं का? लांबून वाचता यायला हवं." आणि पुन्हा नव्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

तो कागद फाटकाला लागला. कारखान्याचा रस्ता बाजाराकडे जाणारा. दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये कळलं होतं. "सोनाराचं सोनं खोटं निघालं," कुणीतरी म्हणालं, सरांना ऐकू जाईल इतक्या अंतरावरून. सर म्हणाले, "सोनं खरं आहे हो. सोनार कच्चा." मुंबईला त्यांनी तार केली, येत नाही म्हणून. नवा सदरा काकूंनी घडी करून ठेवून दिला.

पुढे दोन वर्षं आम्ही त्याच कामावर होतो. लेप नीट, जाड बसवला की राखेचा त्रास बराच कमी होतो. काडी आधी शुद्ध पाण्यात विसळून घेतली की आणखी कमी. शेवटी चाचणी बरी चालायला लागली होती. पण तोवर मोठ्या शहरांत, मोठ्या यंत्रांवर पुष्कळ जण पुष्कळ पुढे गेले होते. सरांना त्याचं वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. "कुणीतरी करतंय ना? झालं तर मग." ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणांत राखेचा विषय कुणी काढला नाही. सरांनी स्वतःच काढला, आणि दहा मिनिटं सविस्तर सांगितला, प्राचार्य घड्याळ बघेपर्यंत.

मी आता एका प्रयोगशाळेत नमुने तपासते. माझ्या हाताखाली चार मुली आहेत. कातडीचा नमुना घेताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा ते त्यांना पाठ आहे: "इथे काय काय लावता?" मग माणसं सांगतात. हळद, खोबरेल, रॉकेल, पाल अंगावरून गेली म्हणून लावलेला चुना. कधी कधी अर्धा तास सांगतात. आम्ही ऐकतो.

पण मला सांगायचं होतं ते कागद लावल्याच्या दुसऱ्या दिवसाचं. मालकांनी चौदाही जणींना सकाळी बोलावलं होतं. मी मावशीबरोबर फाटकापर्यंत गेले. तिने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं, बी फोडायला जाताना कुणी नेसत नाही तसं. सर सायकल धरून फाटकापाशी उभे होते, स्वतःच्याच त्या कागदाखाली. येणाऱ्या प्रत्येकीपुढे ते हात जोडत आणि म्हणत, "चुकलो." बायका संकोचून पदर सावरत आत जात. एक म्हणाली, "ऱ्हाव द्या वो सर, आमच्या मालकाने कवा म्हटलान असं?"

मावशी आली. सरांनी हात जोडले.

"चुकलो, मावशी. माझ्यामुळे तुमचा रोज बुडाला."

"बुडाला तर," मावशी म्हणाली. ती खोटं बोलणारी नव्हती. "पन एक झालं, सर. ह्ये बघा."

आणि तिने न विचारता डावा हात पुढे केला.

सरांनी तो हातात घेतला. मीही बघितला. सहा दिवस त्या हाताला चीक लागला नव्हता, ती एक सकाळ सोडली तर राखही लागली नव्हती. चिरा मिटत आल्या होत्या. सोललेल्या जागी नवी, गुलाबी, लहान मुलासारखी कातडी येत होती. दहा वर्षांत मी ती बोटं अशी पाहिली नव्हती. रोज एका खोलीत असून त्या सहा दिवसांत माझं लक्ष गेलं नव्हतं.

खिशातल्या काड्यांकडे सरांचा हात गेला आणि तिथेच थांबला. शेवटी अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "मावशी, जायचंच का?"

मावशी हसली.

"मग काय, सर? घरात बसून हातच बघत ऱ्हाव?"

आतून भोंगा झाला. तिने हात सोडवून घेतला, कमरेच्या पिशवीतली पुडी काढली आणि चालता चालताच ती राख त्या नव्या कातडीवर चोळत आत गेली.